फुलपाखरू जगते ते पानावर

अंजूर हे नाव इतिहास वाचलेल्या मराठी माणसाला अपरिचित नाही. वसईच्या फिरंगी सत्तेविरुद्ध पेशव्यांचे साह्य मिळावे म्हणून ज्यांनी खटपट केली ते गंगाजी नाईक याच गावचे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई सर केली, त्या मोहिमेच्या यशात नाईक अंजूरकरांचा वाटा होता, हे मराठ्यांच्या इतिहासात नमूद आहे. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील, खाडीलगतच्या या गावाचे नाव आज मात्र निराळ्या कारणाने घेतले जाते. अंजूर, काल्हेर, दापोडे, माणकोली, राहनाळ, पूर्णा, वळ हा सारा टापू गोदामांचा झाला आहे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल नेताना जकात भरावी लागे. तेव्हा हद्दीबाहेर माल साठवावा आणि लागेल तसा आत न्यावा, या व्यापारी हिशेबाने ही गोदामे उभी राहू लागली. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत. उलट घरबसल्या माल मागविण्याची रीत शहरांत रुळल्यापासून ती वाढतच गेली.

गोदाम बांधायचे तर आधी भराव घालावा लागतो. भाताचे खाचर, त्याचा बांध, बांधावरची रुई आणि एरंड, कुंपणावर चढलेले वेल, पहिल्या पावसाबरोबर उगवणारा टाकळा, खाडीकडेची झुडपे हे सर्व त्या मातीखाली जाते. त्याचा कोणी पंचनामा करीत नाही, कारण त्यात मोजण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटत नाही. गोदामाने गावाला भाडे दिले, तरुणांना काम दिले, हे खरेच आहे. शेती परवडेनाशी झालेल्या शेतकऱ्याने जमीन भाड्याने दिली म्हणून त्याला दोष देणेही योग्य नव्हे. प्रश्न वेगळा आहे. जे गेले ते काय होते, याची नोंद तरी गावाजवळ आहे काय? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी फुलपाखराइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही. ते सर्वांना दिसते, सर्वांना आवडते, आणि त्याचे जीवन ठरावीक वनस्पतींशी इतके घट्ट बांधलेले असते की, त्या वनस्पती गेल्या की ते लगेच नाहीसे होते.

फुलावर पाहुणे, पानावर बिऱ्हाड

जगात फुलपाखरांच्या सुमारे १८ हजार जाती आहेत. पापुआ न्यू गिनीच्या एका लहानशा प्रदेशात आढळणारे 'क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग' हे त्यांतले सर्वांत मोठे. त्याच्या मादीच्या पसरलेल्या पंखांची लांबी २५ सेंटिमीटरांहून अधिक भरते. दुसऱ्या टोकाला, आपल्याकडील माळरानावर गवताच्या उंचीने उडणारे 'ग्रास ज्युवेल' हे नखाएवढे असते. भारतात १३०० हून अधिक जाती आहेत. सह्याद्रीच्या सबंध रांगेत सुमारे ३३० आणि महाराष्ट्रात सुमारे पावणेतीनशे. तुलनेसाठी एक आकडा पुरेसा आहे: संपूर्ण ब्रिटनमध्ये नियमितपणे आढळणाऱ्या जाती साठाच्या आत आहेत. ठाण्याजवळ घोडबंदर रस्त्यावर ओवळे गावी 'ओवळेकर वाडी' हे खासगी फुलपाखरू उद्यान आहे. जेमतेम दोन एकरांच्या त्या जागेत शंभराहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. अंजूरच्या खाडीचेच पाणी पुढे घोडबंदरकडे जाते. म्हणजे हा टापू फुलपाखरांच्या दृष्टीने मुळात दरिद्री नाही. किंबहुना अवघ्या ब्रिटनला हेवा वाटावा असे वैभव येथल्या दोन एकरांत मावू शकते.

ते तेथे मावले याचे कारण मात्र फुले नव्हेत, किंवा केवळ फुले नव्हेत. फुलपाखरू हे नावच थोडी दिशाभूल करणारे आहे. फुलावर ते पाहुण्यासारखे येते, मध पिते आणि निघून जाते. त्याचे खरे बिऱ्हाड पानावर असते. मादी अंडी घालण्यासाठी पानावर उतरते, पायांनी पानाला स्पर्श करून त्याची चव घेते, आणि ते आपल्या अळीला चालणारे पान आहे अशी खात्री झाली तरच अंडे ठेवते. काही दिवसांत अंड्यातून अळी निघते. दोन-तीन आठवडे ती खाण्याखेरीज दुसरे काही करीत नाही. मग कोश, आणि कोशातून पंख. या चार अवस्थांपैकी वाढ काय ती अळीच्या अवस्थेतच होते. आणि बहुतेक अळ्या खाण्याच्या बाबतीत विलक्षण हट्टी असतात. जे पान ठरले आहे ते नसेल तर त्या उपाशी मरतील, पण शेजारच्या पानाला तोंड लावणार नाहीत.

अंजूरसारख्या कोकणपट्टीतील गावात ही यादी सहज करता येते. लिंबू आणि कढीलिंबावर 'लाइम' आणि 'कॉमन मॉरमॉन', एरंडावर 'कॉमन कॅस्टर', आंब्याच्या पानावर 'कॉमन बॅरन', सीताफळावर आणि शाळा-कचेऱ्यांपुढे ओळीने लावलेल्या उंच अशोकावर 'टेल्ड जे', बहाव्यावर 'कॉमन एमिग्रंट', टाकळ्यावर पिवळे 'ग्रास यलो', बोरीवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे 'कॉमन पिएरो'. पानफुटीच्या जाड पानाच्या आतच 'रेड पिएरो'ची अळी पोखरत राहते. ज्याला शेतकरी झाडाचा शत्रू मानतो आणि तोडून टाकतो त्या आंब्यावरच्या बांडगुळावर 'कॉमन जेझेबेल' हे देखणे फुलपाखरू वाढते. भाताच्या आणि गवताच्या पात्यावर 'कॉमन इव्हनिंग ब्राउन' अंडी घालते. पावसाळ्यात त्याच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असतात, तर कोरड्या ऋतूत जन्मलेले फुलपाखरू वाळक्या पानासारखे दिसते. खाडीकाठच्या पिलूच्या झुडपावर 'स्मॉल सामन अरब' वाढते. या यादीत बागेतली म्हणावी अशी झाडे थोडी आहेत. बाकीची बांधावरची, कुंपणावरची, पडीक जागेतली. म्हणजेच भराव घालताना ज्यांना कोणी विचारीत नाही अशी.

याच्या उलट प्रकार घाणेरीचा आहे. तिच्या फुलांवर फुलपाखरांची झुंबड उडालेली दिसते आणि पाहणाऱ्याला समाधान वाटते. पण परदेशातून आलेल्या या झुडपाचे पान आपल्या फुलपाखरांच्या अळ्यांना चालत नाही. शहरांतील पुष्कळ तथाकथित फुलपाखरू उद्याने याच तऱ्हेची असतात. रोपवाटिकेतून आणलेली रंगीत फुले, मध्ये सिमेंटचे एक मोठे फुलपाखरू आणि दाराशी नामफलक. अशा ठिकाणी फुलपाखरे येतात ती दुसरीकडे वाढलेली. ती दुसरी जागा नाहीशी झाली की उद्यानातील फुले तशीच राहतात आणि फुलपाखरे येईनाशी होतात.

बहुरूपी आणि त्याचे मूळ

वनस्पती आणि फुलपाखरू यांचे नाते दोघांपुरतेच असते असेही नाही. रुईचे उदाहरण घ्या. शनिवारी मारुतीच्या गळ्यात जिच्या पानांची माळ पडते त्या रुईचा चीक विषारी असतो. 'प्लेन टायगर' या तांबूस-नारिंगी फुलपाखराची अळी ती पाने खाते आणि त्यातील विष अंगात साठविते. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. या भीतीचा लाभ 'डॅनेड एगफ्लाय' नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराची मादी उठविते. तिच्या अंगी विष नाही, पण रंगरूप हुबेहूब 'प्लेन टायगर'चे आहे. तिची अळी घोळीच्या पानांवर वाढते; तीच घोळ, जिची भाजी घरोघर होते. म्हणजे या मादीला जगण्यासाठी दोन वनस्पती लागतात: पोटासाठी घोळ आणि सोंगासाठी रुई. रुई उपटली तर 'प्लेन टायगर' जाईल आणि पक्ष्यांना जरब बसविणारे मूळ गेल्यावर सोंग निरुपयोगी ठरेल.

कढीलिंबावर वाढणारे 'कॉमन मॉरमॉन' तर अस्सल बहुरूपी आहे. त्याच्या मादीची तीन रूपे आढळतात. एक नरासारखे, दुसरे 'कॉमन रोझ'सारखे आणि तिसरे 'क्रिमझन रोझ'सारखे. ही दोन्ही 'रोझ' फुलपाखरे सापसंदाच्या वेलीवर वाढतात आणि त्या वेलीच्या विषामुळे पक्ष्यांना नकोशी झालेली असतात. एकाच जातीच्या माद्यांना अशी वेगवेगळी रूपे कशी मिळतात, हे कोडे शास्त्रज्ञांना दीर्घकाळ पडलेले होते. कृष्णमेघ कुंटे या मराठी शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. एरवी नर-मादीचे भेद घडविण्यात भाग घेणारे 'डबलसेक्स' हे एकच जनुक येथे मादीचे सोंगही ठरविते, असे त्यांनी दाखवून दिले. जगाच्या विज्ञानात नोंद झालेला हा चमत्कार परसातल्या कढीलिंबावर घडत असतो. तो पाहण्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही. कढीलिंब आणि सापसंद मात्र हवेत.

कुंपणाने न वाचलेले फुलपाखरू

पान सांभाळले नाही तर काय होते, याचे धडे जगाने मोठी किंमत देऊन घेतले आहेत. उत्तर अमेरिकेतील 'मोनार्क' फुलपाखरू दर शरद ऋतूत कॅनडा आणि अमेरिकेतून निघून मेक्सिकोच्या डोंगरांत हिवाळा घालविण्यास जाते. काहींचा प्रवास ४ हजार किलोमीटरांच्या घरात जातो. त्यांचा हिवाळी मुक्काम कोठे असतो हे शास्त्रज्ञांना जानेवारी १९७५ मध्ये प्रथम कळले. तेथील झाडांवर ती इतक्या दाटीने बसतात की, त्यांची गणती डोक्यांनी न करता व्यापलेल्या वनक्षेत्राने करतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते क्षेत्र सुमारे १८ हेक्टर होते. २०१३-१४ मध्ये ते ०.६७ हेक्टरांवर आले. मेक्सिकोतील वृक्षतोड हे याचे एक कारण होतेच. पण दुसरे मोठे कारण हजारो किलोमीटर दूर, अमेरिकेच्या मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांत होते. तणनाशकाला दाद न देणारी पिके आल्यावर शेतांवर तणनाशकाचा मारा झाला आणि शेतांच्या कडेने वाढणारी 'मिल्कवीड' ही वनस्पती नाहीशी होत गेली. मोनार्कची अळी तिच्याखेरीज काही खात नाही. मिल्कवीड ही आपल्या रुईच्याच कुळातली आणि मोनार्क हा 'प्लेन टायगर'चा सख्खा भाऊबंद. तेव्हा अमेरिकेतील ही गोष्ट भिवंडीच्या बांधाला अगदीच परकी नाही.

इंग्लंडमधील 'लार्ज ब्लू'ची हकीकत त्याहून उद्बोधक आहे. हे निळे फुलपाखरू कमी होऊ लागले तेव्हा सर्वांचा रोष संग्राहकांच्या जाळ्यांवर गेला. त्याच्या जागांना कुंपणे घातली गेली. माणसे बाहेर राहिली आणि चरणारी जनावरेही बाहेर राहिली. तरीही फुलपाखरू घटतच गेले आणि १९७९ मध्ये ते ब्रिटनमधून नाहीसे झाले. जेरेमी टॉमस या संशोधकाने तोपर्यंत खरे कारण शोधून काढले होते. या फुलपाखराची अळी थोडे दिवस 'थाइम' या वनस्पतीच्या फुलांवर काढते आणि मग जमिनीवर पडते. एका विशिष्ट जातीच्या तांबड्या मुंग्या तिला आपलेच पिल्लू समजून वारुळात नेतात, आणि ती तेथे मुंग्यांची पिल्ले खाऊन वाढते. या मुंग्यांना उन्हाने तापलेली, आखूड गवताची जमीन लागते. गुरेमेंढ्या चरेनाशा झाल्या, १९५० नंतर रोगाने ससेही मेले, गवत वाढले, जमीन गार पडली आणि मुंग्या गेल्या. पुढे योग्य चराई सुरू करून १९८३ पासून स्वीडनहून आणलेल्या अळ्या सोडण्यात आल्या. आज ते फुलपाखरू नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये पुन्हा नांदते आहे. रक्षणाची इच्छा पुरेशी नसते, त्या जिवाची गरज माहीत असावी लागते, हा यातला बोध. माणसाचा आणि गुरांचा वावर हा निसर्गाचा शत्रूच असतो, ही समजूतही त्यामुळे तपासून घ्यावी लागते. भाताच्या खाचराचा बांध माणसानेच घातलेला असतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या 'झर्सिस ब्लू'च्या वाट्याला असे पुनरागमन आले नाही. ते त्या शहराच्या वाळूच्या टेकड्यांवर आणि जगात फक्त तेथेच राहत होते. शहर वाढत गेले, टेकड्या घरांखाली आणि रस्त्यांखाली गेल्या, आणि १९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते शेवटचे दिसले. कोणी त्याची शिकार केली नव्हती. जागेला भाव आला होता, इतकेच.

मीठखात्यातील अभ्यासक

आपल्याकडे असा अभ्यास झालाच नाही असे म्हणता येणार नाही. १८८३ मध्ये मुंबईत 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन करणाऱ्यांत एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे एक होते. साताऱ्यात जन्मलेल्या या गृहस्थाची नोकरी मुंबई इलाख्याच्या मीठ व सीमाशुल्क खात्यात होती. मिठागरे आणि नाकी यांच्या तपासणीत त्यांचा काळ जाई. त्या फिरतीतून जे पाहिले ते लिहून ठेवण्याची सवय त्यांनी सोडली नाही. कोकणातील फुलपाखरांची त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर केलेली यादी सोसायटीच्या नियतकालिकात १९०३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी जेम्स डेव्हिडसन आणि टी. आर. बेल यांच्याबरोबर त्यांनी कारवारच्या परिसरातील फुलपाखरांच्या अळ्यांवर आणि कोशांवर लेखन केले. यांतील बेल हे वनखात्यातील अधिकारी होते. त्या काळी फुलपाखरे टाचणीने टोचून पेटीत ठेवणारे हौशी लोक पुष्कळ होते. पण कोणती अळी कोणत्या पानावर सापडते हे पाहून लिहून ठेवणारे थोडे. आज शंभर वर्षांनंतर उपयोगी पडते ती त्या थोड्यांची टिपणे.

फुलपाखरांची नावे मात्र त्या साहेबी काळाचीच राहिली. 'सार्जंट', 'कमांडर', 'सेलर', 'बॅरन', 'ड्यूक', 'नवाब', 'राजा' या नावांत फुलपाखरांपेक्षा छावणीचे आणि दरबाराचे दर्शन घडते. जून २०१५ मध्ये महाराष्ट्राने 'ब्लू मॉरमॉन' हे आपले राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केले आणि असे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. त्या वेळी त्याला 'राणी पाकोळी' हे नाव मिळाले. 'नीलवंत' असेही त्याला म्हणतात. पुढे राज्य जैवविविधता मंडळाने महाराष्ट्रातील इतर फुलपाखरांनाही मराठी नावे दिली. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. ज्याला आपल्या भाषेत नाव नाही, त्याच्याविषयी मुले आपल्या भाषेत प्रश्न विचारीत नाहीत. परंतु नावे पुस्तकात राहिली आणि फुलपाखराचे पान बांधावरून गेले, तर त्या नामकरणाचा उपयोग काय? राणी पाकोळीची अळी लिंबाच्या कुळातील झाडांवर, रानातल्या माकडलिंबूवर वाढते. राज्य फुलपाखराचा मान तिला मिळाला. माकडलिंबूला मात्र कोणी ओळखत नाही.

जाळे हा गुन्हा, भराव नव्हे

कायद्याची दृष्टीही अशीच एकांगी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अनेक वर्षे 'क्रिमझन रोझ' आणि 'डॅनेड एगफ्लाय' यांची नावे होती. वाघाच्या पंक्तीला बसलेली ही फुलपाखरे! २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची मांडणी बदलली. पण जुन्या मांडणीतील विसंगती सांगण्याजोगी आहे. 'डॅनेड एगफ्लाय' जाळ्यात पकडणारा विद्यार्थी कायद्याने गुन्हेगार ठरत होता. तिच्या शेकडो अळ्यांसह घोळीचा सबंध तुकडा भरावाखाली गाडणारा ठेकेदार मात्र ठरत नव्हता. घोळीला वा रुईला कायद्याने संरक्षण द्यावे असे कोणी म्हणणार नाही. ते हास्यास्पद होईल. पण जिवाला संरक्षण आणि त्याच्या घराला नाही, अशा कायद्याकडून फार अपेक्षा करता येत नाहीत, एवढे मान्य करावे लागते.

दुसरा एक कायदा मात्र आहे, आणि तो गावाच्या हाती आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत, म्हणजे अगदी ग्रामपंचायतीतही, जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी असे ठरविले. त्या समितीने लोकांच्या साह्याने 'लोक जैवविविधता नोंदवही' तयार करावयाची आहे. गावातील झाडे, वेली, पिकांचे वाण, पशुपक्षी, कीटक आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान हे सर्व तिच्यात यावे, ही कल्पना आहे. कायदा होऊन सतरा वर्षे लोटली तरी काम रखडलेलेच राहिले. तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर चुकणाऱ्या राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. मग वह्या भराभर तयार झाल्या. धाकाने आणि घाईने भरलेल्या रकान्यांत पाहणीचा भाग किती आणि नकलेचा किती असतो, हे कचेरीत काम करणाऱ्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

नोंदवही कोणी भरावयाची?

परंतु या वहीचा खरा गुण असा की, ती एकदाच भरून कपाटात ठेवण्यासाठी नाही. ती सुधारता येते, वाढविता येते, आणि तिच्यासाठी तज्ज्ञ नेमण्यावाचून अडत नाही. ब्रिटनमध्ये फुलपाखरांची पद्धतशीर मोजणी १९७६ पासून अखंड चालू आहे. तिची रीत इतकी साधी की शाळकरी मुलांनाही जमावी: एक ठरलेली वाट, आठवड्यातून एकदा, बऱ्या हवेत, ठरावीक चालीने चालावयाची आणि दोन्ही बाजूंना जी फुलपाखरे दिसतील ती टिपून ठेवावयाची. हे काम मुख्यतः हौशी स्वयंसेवकांनी केले. त्यांत शिक्षक, कारकून, निवृत्त माणसे होती. कोणते फुलपाखरू कमी होत आहे हे त्या देशाला अंदाजाने नव्हे, आकड्याने सांगता येते, ते या आठवड्याच्या फेरीमुळे.

अंजूरसारख्या गावात हे अशक्य का असावे? शाळेपासून खाडीपर्यंतची एक वाट ठरवावी. पहिल्या वर्षी फुलपाखरांची नावेही नकोत. फक्त वनस्पतींची यादी करावी. रुई कोठे आहे, एरंड कोठे, बोरी किती, सापसंदाचा वेल अजून कोणत्या कुंपणावर आहे, खाडीकडेला पिलू उरले आहे काय? घरातील वडीलधाऱ्या बायकांना घोळ आणि टाकळा कोठे मिळतो हे कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक ठाऊक असते; ती माहितीही या वहीतच जावयाची आहे. दुसऱ्या वर्षी त्या पानांवरच्या अळ्या, आणि मग पंख. ग्रामसेवकाने वही उघडी ठेवावी, शिक्षकाने फेरी काढावी, विद्यार्थ्याने लिहावे. भूगोल, जीवशास्त्र आणि मराठी निबंध या तिन्ही विषयांचे काम त्यात होते.

मग उरतो कृतीचा भाग, आणि तोही फार खर्चाचा नाही. गोदामांच्या आवारांभोवती, रस्त्यांच्या कडेला, शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या जागेत काही ना काही झाडे लावलीच जातात. ती शोभेची परदेशी न लावता बहावा, कढीलिंब, सीताफळ, बोर लावता येतील. कुंपणाच्या पायथ्याशी सरसकट तणनाशक मारण्याऐवजी एखादी पट्टी सोडता येईल. लिंबाच्या रोपांवरच्या अळीने बागायतदाराचे नुकसान होते हे खरे; त्याने आपले रोप जरूर वाचवावे. पण पडीक कोपऱ्यातली रुई कोणाचे काय बिघडविते? भरावाला परवानगी देताना ग्रामसभेने त्या जागेवर काय उभे आहे ते वहीत पाहावे, एवढा शिरस्ता पडला तरी पुष्कळ होईल. त्याने प्रत्येक बांध वाचणार नाही, हे उघड आहे. काही वाचतील, आणि जे जातील त्यांच्याविषयी गावाला काय गेले ते ठाऊक असेल.

यावर असे म्हटले जाईल की, माणसांचे प्रश्न सुटले नाहीत तेथे फुलपाखरांची चिंता कशाला? भिवंडीला पाण्याची, रस्त्यांची, धुराची, कामगारांच्या घरांची चिंता आहेच, आणि ती आधी आहे. पण खाडीकाठची जी जमीन फुलपाखराला लागते तीच पावसाचे पाणी मुरविते, भरतीचे पाणी अडविते आणि गावाला रानभाजी देते. फुलपाखरू तेथून गेले याचा अर्थ एवढाच की, त्या जमिनीचे काहीतरी बिघडल्याची पहिली बातमी मिळाली. ती बातमी वाचता येणारी माणसे गावात असणे ही चैन नव्हे.

अंजूरच्या नाईकांनी वसईसाठी केलेली खटपट आज सांगता येते, कारण ती कोणीतरी लिहून ठेवली. त्याच गावाच्या बांधावर या वर्षी कोणती रुई उभी आहे आणि तिच्यावर कोणाची अळी वाढत आहे, हे लिहून ठेवण्यास एक वही आणि आठवड्याचा एक तास पुरतो. पावसाळा हा त्यासाठी सर्वांत चांगला काळ. तेव्हा टाकळाही उगवलेला असतो आणि शाळाही नुकत्याच उघडलेल्या असतात.